मौलाना मजहरुल हक : बॅरिस्टरीचा झगा ते सदाकत आश्रम



'मौलाना' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा बुजुर्ग आलिम उभा राहतो. मदरशात वर्षानुवर्षे घालविलेला, हदीस आणि फिकह यांचा अभ्यास केलेला, पांढऱ्या दाढीचा. मौलाना मजहरुल हक हे या अर्थाने आलिम नव्हते. ते लंडनला शिकलेले बॅरिस्टर होते. वयाच्या पन्नाशीपर्यंत ते विलायती सूट घालीत, दाढी साफ करीत आणि पाटण्याच्या बड्या लोकांत ज्यांच्या राहणीची चर्चा होई अशा थाटात राहत. 'मौलाना' ही पदवी त्यांना कोणत्याही दारुल-उलूमने दिली नाही. ती लोकांनी दिली. ती का दिली, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. आपल्या महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग आपल्या मुंबईत घडला आहे, त्याविषयी पुढे येईलच.

मजहरुल हक यांचा जन्म २२ डिसेंबर १८६६ रोजी पाटणा जिल्ह्यातील बहपुरा या खेड्यात झाला. वडील शेख अहमदुल्ला हे लहानसे जमीनदार. घर खाऊन-पिऊन सुखी, पण फार मोठ्या दौलतीचे नव्हे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पहिले धडे घरी मौलवीसाहेबांकडे झाले आणि मग मुलाला पाटण्याच्या सरकारी शाळेत घातले. १८८६ साली ते मॅट्रिक झाले. म्हणजे वय किती? एकोणीस पूर्ण! आपला मुलगा एखाद्या वर्षी मागे पडला की ज्या पालकांच्या तोंडचे पाणी पळते त्यांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा. मॅट्रिकनंतर पाटणा, नंतर लखनौचे कॅनिंग कॉलेज असे थोडे दिवस गेले. पण तेथे मन रमले नाही आणि १८८८ मध्ये त्यांनी कायदा शिकण्यासाठी विलायत गाठली.

त्याच वर्षी काठेवाडातून आणखी एक तरुण कायद्याच्याच अभ्यासासाठी लंडनला पोहोचला होता. तो म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. दोघांची ओळख तेथे झाली. परदेशातली विद्यार्थिदशेतली ओळख ती किती टिकणार, असे कोणासही वाटेल. पण या ओळखीचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८९१ मध्ये दोघेही बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले.

परत आल्यावर मजहरुल हक यांनी काही वर्षे अवधमध्ये मुन्सफाची नोकरी केली. मुन्सफी म्हणजे त्या वेळी मोठी इज्जतीची जागा. ठरलेला पगार, पुढे बढती, शेवटी पेन्शन. आजही आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलाला अशी सरकारी नोकरी लागली म्हणजे सारे काही मिळाले असे समजतात. त्यांनी ती सोडली आणि बिहारमधील सारण जिल्ह्यात छपरा येथे वकिली सुरू केली. तेथे त्यांचा जम बसत असतानाच १८९७ चा दुष्काळ आला. आपल्या मराठी मुलखातील जुनी माणसे ज्या दुष्काळाच्या आठवणी सांगत तोच हा काळ. मजहरुल हक यांनी छपऱ्यास मदतकार्यात स्वतःला झोकून दिले. सार्वजनिक कामाची चटक त्यांना लागली ती येथे, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे ते पाटण्यास आले, वकिलीत नाव झाले, पैसा आला, आणि पैशाबरोबर थाटही आला.

आता कायदेमंडळाकडे वळू. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळांत निवडून आलेल्या सभासदांची संख्या वाढविली आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१० मध्ये मजहरुल हक व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळावर गेले ते मुसलमानांच्या अशाच राखीव जागेवरून. डिसेंबर १९०६ मध्ये ढाक्यास मुस्लिम लीगची स्थापना झाली तेव्हाही ते हजर होते. एवढे सांगितले म्हणजे कोणी समजेल की आता हे गृहस्थ आपल्या जागेपुरते बोलतील. घडले उलटेच. १९१० च्या अखेरीस अलाहाबादच्या काँग्रेसमध्ये एक ठराव आला. हे स्वतंत्र मतदारसंघ म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डांपर्यंत खाली नेऊ नयेत, अशा मतलबाचा. ठराव मांडला बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी आणि त्याला दुजोरा दिला मजहरुल हक यांनी.

वाचकहो, येथे थोडे थांबावे लागेल. ज्या शिडीने आपण वर चढलो तिच्याविषयी उभे राहून बोलणे सोपे नसते. त्यातून विरुद्ध बाजूला जे मुसलमान पुढारी होते ते सगळे स्वार्थी होते असेही नाही. शिक्षणात आणि नोकऱ्यांत मागे राहिलेल्या समाजाचा माणूस गावच्या बोर्डावर निवडून कसा यायचा, ही त्यांची धास्ती खरी होती. ती पोकळ होती असे निदान मी तरी म्हणणार नाही. मजहरुल हक यांचा हिशेब निराळा होता. कलकत्त्याच्या कायदेमंडळात वर्षातून काही दिवस एकत्र बसणे वेगळे, आणि गावची विहीर, रस्ता, दिवाबत्ती, शाळा यांचा कारभार रोज शेजाऱ्याबरोबर करणे वेगळे. तेथे भिंत घातली तर ती घराघरांत जाईल, अशी त्यांना भीती होती. त्यामुळे त्यांच्याच लोकांची नाराजी त्यांना पत्करावी लागली.

कायदेमंडळातील दुसरी गोष्ट आपल्या संस्थेच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. मार्च १९११ मध्ये आपल्या पुण्याचे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. बिल तसे फार सावध होते. ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल तेथेच, आणि तेही स्थानिक संस्थेची इच्छा आणि सरकारची परवानगी असेल तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठविणे सक्तीचे करावे. ज्या घरची महिन्याची मिळकत दहा रुपयांहून कमी त्यांना फी माफ. एवढेच. तरीही सरकार बिथरले, जमीनदार बिथरले. शेतमजुराचा पोरगा शाळेत गेला तर गुरे कोण राखणार, हा प्रश्न नेहमीप्रमाणे निघालाच. काही मुसलमान मंडळींना शंका होती की कर सगळ्यांकडून घेतील, पण शाळेत उर्दू शिकवायला शिक्षक मात्र ठेवणार नाहीत. ही शंकाही बिनबुडाची म्हणता येत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेसाठी खेटे घातलेल्या पालकांना ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वातावरणात मजहरुल हक गोखल्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. बिलाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. गोखले हरले. हरणाऱ्या तेरांत एक बिहारचा हा मुसलमान बॅरिस्टर होता.

तेव्हा हे बिल पास झाले असते तर आपल्या आजोबा-पणजोबांपैकी किती जणांना अंगठ्याऐवजी सही करता आली असती, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करून पाहावा.

१९१२ हेच बिहारच्या भाग्याचे वर्ष. बंगालपासून वेगळा होऊन बिहार-ओरिसा प्रांत झाला आणि त्याच डिसेंबरात पाटण्याजवळ बांकीपूर येथे काँग्रेस भरली. अध्यक्ष होते आपल्या अमरावतीचे रावबहादूर रंगनाथ नरसिंह मुधोळकर आणि स्वागताध्यक्ष मजहरुल हक. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९१३ मध्ये, कानपूरला मशिदीचा एक भाग रस्त्यासाठी पाडल्यावरून लोक जमले, गोळीबार झाला, माणसे मेली आणि पुष्कळांना पकडले. पकडलेल्यांत हातावर पोट असलेली गरीब माणसेच जास्त. त्यांचा बचाव करण्यासाठी मजहरुल हक पाटण्याहून कानपूरला गेले आणि फीचा विचार न करता कोर्टात उभे राहिले. शेवटी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना स्वतः कानपूरला येऊन ऑक्टोबरात ते प्रकरण मिटवावे लागले. म्हणजे पाहा, स्वतंत्र मतदारसंघ गावपातळीवर नकोत असे म्हणणारा हा माणूस मशिदीच्या प्रश्नावर घरी बसला नाही. त्याला दोन्ही गोष्टींत विसंगती वाटली नाही. १९१४ मध्ये काँग्रेसने जे शिष्टमंडळ विलायतेस पाठविले त्यात लाला लजपतराय, जिना आणि मुंबईचे समर्थ यांच्याबरोबर तेही होते.

आता मुंबईचा प्रसंग. डिसेंबर १९१५ च्या अखेरीस काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही संस्थांची अधिवेशने प्रथमच एकाच शहरात, एकाच आठवड्यात भरली. ते शहर मुंबई. लीगचे अध्यक्ष होते मजहरुल हक. दोन्ही संस्थांनी एकत्र बसून स्वराज्याच्या हक्कांचा एक आराखडा तयार करावा, असा बेत होता, आणि तो साऱ्यांना मानवत नव्हता. पहिला दिवस पार पडला. दुसऱ्या दिवशी मंडपात गडबड सुरू झाली. मौलाना हसरत मोहानी हरकत घेण्यास उभे राहिले, त्यांचे आक्षेप आपल्या जागी प्रामाणिक होते. परंतु पाहता पाहता सभेचा ताबा दंगेखोरांनी घेतला. आणि त्या गर्दीतून अध्यक्षांवर काय फेकण्यात आले? त्यांच्या राजकारणाविषयीचा मुद्दा नव्हे. त्यांचा इंग्रजी पोशाख, त्यांची इंग्रजी भाषा आणि त्यांची साफ केलेली हनुवटी! हा कसला मुसलमान, आणि हा आमचा सदर कसा, असा सवाल होता. सभा उधळली गेली. अध्यक्षांना अधिवेशन तहकूब करावे लागले आणि उरलेले काम १ जानेवारी १९१६ रोजी ताजमहाल हॉटेलात बंद दाराआड उरकावे लागले. तेथेच काँग्रेसशी बोलणी करून योजना आखण्यासाठी कमिटी नेमली गेली आणि त्यातूनच वर्षभराने लखनौचा करार झाला.

त्या रात्री मजहरुल हक यांच्या मनात काय आले असेल, ते सांगायला कोणी साक्षीदार नाही. मात्र ती हनुवटी ध्यानात ठेवा.

मुंबईच्या त्याच गडबडीत गांधीजींशी त्यांची पुन्हा भेट झाली होती. ते नुकतेच दक्षिण आफ्रिकेहून परतलेले. पाटण्यास आलात तर माझ्याकडेच उतरा, असा आग्रह मजहरुल हक यांनी तेव्हा करून ठेवला होता. १० एप्रिल १९१७ रोजी गांधीजी खरोखरच पाटण्यास उतरले. चंपारणच्या निळीच्या शेतकऱ्यांची दाद लावण्यासाठी राजकुमार शुक्ल त्यांना घेऊन आले होते. शुक्लांनी त्यांना राजेंद्रप्रसाद यांच्या घरी नेले, पण राजेंद्रबाबू गावाला गेलेले. घरच्या नोकरांना पाहुण्याची जात ठाऊक नाही, म्हणून विहिरीवर पाणी काढण्यापासून अडचण! परक्या गावी गांधीजींना त्या वेळी मजहरुल हक यांची आठवण झाली. चिठ्ठी पाठविली. चिठ्ठी मिळताच हे आपली मोटार घेऊन स्वतः हजर. आपल्या घरी राहण्याचा त्यांनी खूप आग्रह केला. पण गांधीजींना पुढे जाण्याची घाई. तेव्हा शुक्लांशी बोलून, आधी मुझफ्फरपूरला जाणे बरे असे ठरवून, त्याच संध्याकाळच्या गाडीने त्यांनी पाहुण्यास रवाना केले. चंपारणच्या सत्याग्रहावर ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले; पण त्या पहिल्या दिवशी पाटण्यात ज्याने दार उघडले त्याचे नाव आपल्या मुलांना सहसा सांगितले जात नाही.

पुढे आठ दिवसांतच गांधीजींवर जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम बजावला गेला आणि १८ एप्रिलला मोतीहारीच्या कोर्टात खटला उभा राहिला. मजहरुल हक, राजेंद्रबाबू, ब्रजकिशोर प्रसाद आणि इतर वकील त्याच दिवशी मोतीहारीस येऊन पोहोचले. गांधीजींनी वकील मंडळींपुढे सरळ प्रश्न टाकला होता : मी तुरुंगात गेलो तर तुमचे काय? ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना तुरुंगातून सोडविले त्यांना आपण स्वतः आत जाण्याचा प्रश्न प्रथमच पडला होता. विचार झाला आणि तुकड्या ठरल्या. गांधीजींमागून जी पहिली तुकडी कायदा मोडून तुरुंगात जाणार होती तिच्या आघाडीला नावे होती मजहरुल हक आणि ब्रजकिशोरबाबू यांची. तशी वेळ आली नाही, सरकारने खटलाच काढून घेतला. पण मनाची तयारी झाली ती झाली. चंपारणचे काम चालू असता ते महिन्यातून एक-दोन वेळा तेथे फेरी मारीत. कपडे, बैठक, सगळे बड्या साहेबाचे; वागणे मात्र घरच्या माणसाचे.

मग १९२० उजाडले. खिलाफत आणि असहकार. कोर्टकचेऱ्या, कौन्सिले, सरकारी शाळा यांवर बहिष्कार. मजहरुल हक यांनी वकिली सोडली, कौन्सिलच्या निवडणुकीतून अंग काढून घेतले. त्याच सुमारास पाटण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग शाळेचे विद्यार्थी शाळा सोडून मिरवणुकीने त्यांच्या दारी आले. आम्ही शाळा सोडली, आता कोठे जावे, हा त्यांचा प्रश्न. पालकहो, पुढारी मंडळींनी मुलांना बाहेर पडा असे सांगणे सोपे असते; बाहेर पडलेली मुले रात्री कोठे निजणार, याचा विचार कितीजण करतात? मजहरुल हक यांनी आपला बंगला सोडला आणि ते या मुलांना घेऊन पाटणा-दानापूर रस्त्यावर गंगेकाठच्या एका आमराईत जाऊन राहिले. बाग त्यांचे स्नेही खैरू मियां यांची. थंडीचे दिवस, डोक्यावर जेमतेम आसरा. हळूहळू तेथे झोपड्या उभ्या राहिल्या. इंजिनिअरिंगची मुले चरखे बनवू लागली. या जागेला त्यांनी नाव दिले सदाकत आश्रम. सदाकत म्हणजे सत्य, सचोटी.

याच मंडळींच्या खटपटीतून बिहार विद्यापीठ ही राष्ट्रीय शिक्षणाची संस्था निघाली. ६ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मजहरुल हक कुलपती, ब्रजकिशोरबाबू उपकुलपती आणि राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य राजेंद्रबाबू. त्या सप्टेंबरात आश्रमातून 'मदरलँड' नावाचे इंग्रजी साप्ताहिक त्यांनी सुरू केले. तुरुंगातील मुसलमान कैद्यांच्या छळाविषयी त्यात लिहिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला. दंड भरून सुटता आले असते. त्यांनी दंड भरला नाही, तुरुंग पत्करला. मोतीहारीला जे राहून गेले होते ते असे पुरे झाले.

आणि ती हनुवटी? विलायती सूट गेला, अंगावर जाडेभरडे खादीचे कपडे आले, जेवण साधे झाले आणि चेहऱ्यावर दाढी आली. मुंबईच्या मंडपात ओरडणाऱ्यांना हवी होती म्हणून ती आली असे मला वाटत नाही. त्यांना हवी होती तेव्हा ती ठेवली नाही. स्वतःच्या मनाने पालट झाला तेव्हा आपसूक आली. लोक त्यांना मौलाना म्हणू लागले ते यानंतर.

यापुढचा भाग थोडा उदास आहे, आणि तो लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. असहकार थंडावला, ठिकठिकाणी हिंदु-मुसलमानांचे दंगे सुरू झाले. ज्या ऐक्यासाठी या माणसाने दोन्ही बाजूंचे बोल खाल्ले होते ते डोळ्यांदेखत विरत चालले. १९२४ मध्ये ते सारण जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. एके काळी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसलेला माणूस जिल्ह्याच्या शाळा-रस्त्यांचा कारभार पाहू लागला. ज्या बोर्डात भिंत नको म्हणून त्यांनी अलाहाबादला तोंड उघडले होते, त्याच तऱ्हेच्या बोर्डात! पण हळूहळू त्यांनी राजकारणातून मन काढून घेतले आणि सारण जिल्ह्यातील फरीदपूर गावी आपल्या घरी ते राहू लागले. घराचे नाव आशियाना, म्हणजे घरटे. बाग, पुस्तके आणि इबादत यांत दिवस जात. तेथेच २ जानेवारी १९३० रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि घराच्या आवारातच त्यांची कबर झाली. त्याच महिन्यात देशात पहिला स्वातंत्र्यदिन पाळला गेला. तो पाहायला ते नव्हते.

१९८१ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि १९९८ मध्ये पाटण्यात त्यांच्या नावाचे अरबी-फारसी विद्यापीठ स्थापन झाले. सदाकत आश्रमाची गोष्ट थोडी राहिली आहे. ती जागा पुढे बिहार काँग्रेसचे मुख्य ठाणे झाली. स्वातंत्र्याच्या लढ्यात सरकारने तिच्यावर जप्ती आणली, पोलीस बसविले, पुन्हा ती लोकांच्या हाती आली. १९६२ मध्ये राष्ट्रपतिपदावरून मोकळे झाल्यावर राजेंद्रबाबू दिल्ली सोडून पाटण्यास परतले. ज्यांच्या रिकाम्या घरातून चंपारणचा पाहुणा मजहरुल हक यांच्या मोटारीत बसून गेला होता तेच हे राजेंद्रबाबू. राहण्यासाठी त्यांनी निवडली ती खैरू मियांच्या बागेतली जागा, आणि २८ फेब्रुवारी १९६३ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला तोही सदाकत आश्रमातच.